पडद्याआडचा कॅमेरा आणि अकरा गाढवं

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको: माझा फ्लॅश चालत नाही. मी कॅमेरा आहे, चांगला चौदा वर्षांचा. तुम्ही म्हणाल, चौदा हे काय वय झालं? तुमच्यात नसेल हो. आमच्यात चौदाव्या वर्षी काठी टेकायची वेळ येते. माझ्या अंगावरचं रबर सुटलंय, दोन बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत आणि पट्ट्याला अजून गुलाबपाण्याचा वास येतो. पण डोळा? डोळा माझा आजही लख्ख आहे. उगाच बढाई मारत नाही, पुढचं ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. डब्यात घातलं, डबा विमानात घातला, आणि डोळे उघडले ते थेट मस्कतमध्ये, रुवीच्या एका दुकानाच्या काचेत. समोरून टॅक्सीवाले ओरडत जायचे, बायका पिशव्या घेऊन जायच्या, शाळेची मुलं काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची. मी मनात म्हणायचो, बघा, बघा, मी मोठा कलावंत होणार आहे. डोंगर टिपणार, समुद्र टिपणार!

कसला डोंगर आणि कसला समुद्र. मला एका स्टुडिओनं घेतलं आणि लेडीज विभागात दिलं.

आता हे नीट समजून घ्या. ओमानमध्ये बऱ्याच बायकांना पुरुषानं फोटो काढलेला चालत नाही. म्हणून स्टुडिओत एक जाड पडदा असतो आणि पडद्याआड बाई फोटोग्राफर असते. आमच्याकडे होती खुदेजा. रत्नागिरी जिल्ह्यातली, हर्णैच्या बाजूची. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. पहिल्या दिवशी तिनं मला ओढणीनं पुसलं, "बिस्मिल्ला" म्हणाली आणि गळ्यात अडकवलं. त्या दिवसापासून मी तिचा.

दिवसभर सरकारी कार्डांचे आणि पासपोर्टचे फोटो. "मान सरळ. खांदे खाली. हसायचं नाही हां." आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं! लग्नातला बायकांचा हॉल वेगळा, तिथं पुरुषाला पाऊल टाकायची सोय नाही. आत काय थाट असतो म्हणून सांगू! सोन्यानं मढलेली नवरी, नाचणाऱ्या मावश्या, रडणाऱ्या आया, रुसलेल्या बहिणी. मी सगळं पाहिलंय. पण सांगणार नाही. कारण आमच्या धंद्याचा एक पक्का नियम होता. लग्न संपलं की खुदेजा माझ्या पोटातलं मेमरी कार्ड काढायची, नवरीच्या आईच्या तळहातावर ठेवायची आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटायची. ना नक्कल, ना एखादा आवडला म्हणून ठेवलेला फोटो. ज्यांचे चेहरे, त्यांचे फोटो. त्यामुळे सोहारपासून सूरपर्यंत बायका डोळे झाकून खुदेजालाच बोलवायच्या. आमची फार वाहवा व्हायची, मित्रांनो. मी फुगून जायचो.

अशी बारा वर्षं गेली. मग खाबुरा गावातल्या एका लग्नात एक छोटी पाहुणी हलव्याची ताटली घेऊन धावत आली आणि धपकन माझ्यावर पडली. ओमानी हलवा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, तो एकदा चिकटला की सात पिढ्या सुटत नाही. माझा फ्लॅश उघडेना, आणि वरून मोठा फ्लॅश बसवायची खाचही त्या पाकानं गेली. दुरुस्तीवाल्यानं मला दोनदा उलटसुलट केलं आणि एकच शब्द बोलला, "खलास."

स्टुडिओत नवा कॅमेरा आला. खुदेजानं मला टाकू दिलं नाही, घरी आणलं. पण घरी माझं काय काम? घरचे फोटो मोबाइलवर निघतात. कपाटावर, ईदच्या काचसामानाच्या आणि जाड चादरींच्या मध्ये, मी दोन वर्षं पडून राहिलो. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटायचं. खाली सगळे हसायचे, जेवायचे, आणि मला धूळ मोजायलासुद्धा उजेड नव्हता.

मग गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी खुदेजाची मुलगी सना शाळेतून आली ती दप्तर आपटतच. सना दहा वर्षांची. शाळेत सगळं इंग्लिशमध्ये, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालतं, पण राग आला की धावतं.

"अम्मी, नेक्स्ट थर्सडेला बोर्डवर पॅरेन्ट्सचा काम लावायचा आहे. तृप्तीच्या बाबांनी ब्रिज बांधला, त्याचा फोटो आणला तिने. मी बोलली, माझी अम्मी फोटोग्राफर आहे. सगळे बोलले, शो कर ना मग एक फोटो. मी काय शो करू?"

खुदेजा भाकरी थापत होती.

"माझ्याकडे नाही गो एकही," ती म्हणाली.

"एक पण नाही? इतक्या वर्षात?"

"ते सगळे ज्यांचे त्यांच्याकडे आहेत."

"मग ते मला लायर बोलणार," सना म्हणाली आणि रडायलाच लागली.

मित्रांनो, हे माझ्या काळजाला लागलं. कारण खरंच की! मी लाखभर फोटो काढले, आणि लोकांना दाखवायला माझ्याकडे एक नाही. खुदेजाकडेही नाही. तिचं सगळं आयुष्यभराचं काम परक्यांच्या कपाटांत बंद.

सनाचा बाप यासिर डिलिव्हरीची पिकअप चालवतो. दर बुधवारी तो रुस्ताकच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावी दुकानात माल टाकायला जातो. मोठा मिश्कील माणूस. बायकोचा उतरलेला चेहरा बघून म्हणाला, "अगो, बायका नको म्हणतात ना, मग गाढवांचे काढ. त्या गावाच्या वर रानात मोकाट गाढवं फिरतात, दहा-बारा तरी असतील. त्यांना कुठे पडदा आहे?"

"माझी मस्करी करताय?"

"तुझी शपथ, नाही. थंडीत सकाळी त्यांच्यावर ऊन पडतं ना, मी गाडी थांबवून बघत बसतो. आणि मी कधी गाडी थांबवतो का, सांग?"

खुदेजानं हात पुसले. मग स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. दोन वर्षांनी तिच्या ओढणीचा वास आला, तेव्हा माझ्या काचेवर दहिवर आलं म्हणालात तरी चालेल. स्टुडिओतला कॅमेरा स्वतःच्या कामाला न्यायचा नाही, हे तिचं तत्त्व. म्हणजे मीच. फ्लॅश नाही तर नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं तर हरी गाढवांचे फोटो काढायला निघाला होता.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. थर्मासमध्ये चहा, पिशवीत खबूस, म्हणजे इथली रोटी, आणि सना चादरीत गुंडाळलेली. डोंगरात पोचलो तर हीऽऽ थंडी! माझी बॅटरी म्हातारी, गारठ्यात लगेच मान टाकते. खुदेजानं ती काढून स्वेटरच्या आत काखेत धरली. फोटो काढायचा तेव्हाच घालायची. इतकं कोण करतं हो एका मोडक्या कॅमेऱ्यासाठी?

आणि दिसली! अकरा गाढवं. करड्या अंगाची, पांढऱ्या नाकाची, उतारावर झुडपं चघळत उभी. त्यांत एक पिल्लू होतं, खजुराच्या रंगाचं, कान अंगापेक्षा मोठे. सनानं तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं, खजूर.

आता खुदेजानं काय करावं? इतक्या वर्षांची सवय! तिनं एका मोठ्या गाढवाकडे बोट केलं आणि म्हणाली, "हां, मान सरळ. खांदे खाली. इकडे बघायचं." गाढवानं पाठ फिरवली. ती वळसा घालून समोर गेली, त्यानं पुन्हा पाठ फिरवली. यासिर हसून हसून गाडीला टेकला. मग त्यानं शहाणपणा केला आणि खबूस काढला. झालं! सगळी अकरा गाढवं पिकअपवर चालून आली. एकानं सनाची चादर ओढली, एकानं माझ्या काचेवर जीभ फिरवली. शी! शिवाय फोकस झाला की मी "पीं पीं" असा आवाज काढतो, त्यानं खजूर बिचकला आणि दर वेळी आईच्या पोटाखाली शिरला. त्या दिवशी अठ्ठेचाळीस फोटो निघाले. वीस शेपट्या, पंधरा नाकपुड्या, बाकी काय आहे ते मलाही कळलं नाही.

तेवढ्यात वरच्या वाटेनं एक म्हातारी बादली घेऊन उतरली. तिचं नाव झुवैना. तिथंच वरच्या घरात राहणारी. आल्या आल्या तिनं यासिरला झापलं. अरबीत झापलं, पण इतकी वर्षं ऐकून अरबी मला तुमच्याइतकीच कळते. म्हणजे तुमच्यापेक्षा बरीच बरी.

"खबूस घालून त्यांना भिकारी करू नका! आणि तू गं, त्यांना हुकूम काय सोडतेस? हुकूम त्यांनी जन्मभर ऐकले."

मग खडकावर बसून तिनं सांगितलं. रस्ता नव्हता तेव्हा या गाढवांच्या आज्या-पणज्यांनी गावाचं पाणी वाहिलं, खजूर वाहिले, आजारी माणसं वाहिली. झुवैना स्वतः नवरी होऊन या गावात गाढवावर बसून आली. पुढे रस्ता झाला, मोटारी आल्या आणि लोकांनी गाढवांना सोडून दिलं. "मोटार आली म्हणून काय झालं? मी त्यांना पाणी देते. ओळख असते ना!"

मी ऐकत होतो, मित्रांनो. मोटार आली आणि गाढवं सुटली, नवा कॅमेरा आला आणि मी कपाटावर गेलो. त्या क्षणापासून ती अकराही गाढवं मला माझ्या घरची वाटू लागली.

जुम्म्याची नमाज गाठायची होती, म्हणून आम्ही परतलो. घरी सनानं मोबाइलवर शोधून माझी "पीं पीं" बंद केली. मला तोपर्यंत माहीतही नव्हतं की मी गप्प बसू शकतो.

शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी खुदेजा काही बोलली नाही, कुणाला बोलावलं नाही. एका दगडावर बसली, मला मांडीवर घेतलं, बॅटरी काखेत, आणि वाट बघू लागली. यासिर गाडीत, सना तिच्या मागे चिडीचूप. दरीत अजून सावली होती. गाढवं हळूहळू जवळ आली, तिला हुंगून गेली. मग समोरच्या कड्यावरून सूर्य वर आला.

काय सांगू तुम्हाला! बारा वर्षं मी ट्यूबलाइटखाली काढली होती. उजेड म्हणजे काय ते मला माहीत आहे असं समजत होतो. उन्हाळ्यात इथं सात वाजता ऊन तोंडावर आपटतं, पण हे थंडीतलं ऊन तिरकं, मऊ, उतारावरून हळूहळू चालत खाली आलं. आधी झुडपांना लागलं, मग गाढवांच्या पाठींना. प्रत्येकाच्या अंगाभोवती केसाकेसाची सोनेरी कड उमटली. नाकातून निघणारी वाफसुद्धा चमकायला लागली. खुदेजानं बॅटरी घातली. ती हसत होती. "या अल्ला," ती पुटपुटली, "हे रोज होतं?"

आम्ही फोटो काढले. एक, दोन, दहा, तीस. मला दम लागत नव्हता. फ्लॅश हवा होता कुणाला?

मग खजुरानं एकदम कान टवकारले आणि डावीकडे बघितलं; तेही आम्ही टिपलं. झुवैना बादली घेऊन येत होती. पिल्लू उड्या मारत गेलं आणि सरळ तिच्या खांद्यावर मान टाकली. म्हातारी खळखळून हसली, सगळ्या सुरकुत्या उजेडात, ते कान तिच्या गालाला लागलेले. खुदेजानं बटण दाबलं. फक्त एकदा.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. मला तेव्हाच कळलं, खुदेजालाही कळलं. सना तर मागून ओरडलीच, "अम्मी, हाच! हाच लावायचा!"

खुदेजा उठली आणि झुवैनाला माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला. म्हातारीनं शालीचं टोक तोंडाला लावलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "वल्लाह," ती म्हणाली, "माझा उभ्या जन्मात एकच फोटो आहे, सरकारी कार्डावर. त्यात मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. हा बरा आहे." मग हळूच म्हणाली, "पण हा लोकांनी बघायचा?"

खुदेजाच्या बोटांनी माझ्या पोटाचं झाकण उघडलं, कार्ड काढलं, झुवैनाच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटली. जशी दर लग्नात मिटायची, अगदी तशी. झुवैनानं कार्ड शालीच्या गाठीत बांधलं, खुदेजाच्या कपाळाचा मुका घेतला आणि बादली घेऊन पुढे गेली.

दोन वळणं खाली आल्यावर सना म्हणाली, "अम्मी, तो एक गेला तर गेला. बाकीचे दाखव ना." खुदेजानं मला सुरू केलं. मी काय दाखवणार? माझ्या पोटात कार्डच नव्हतं. तिच्या हातांनी सवयीनं सगळंच देऊन टाकलं होतं. ते तीसच्या तीस, खजुराचे सगळे, शुक्रवारच्या शेपट्यासुद्धा!

'गाढवही गेलं आणि...' ही म्हण यासिरच्या ओठांवर आली होती, मला दिसत होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ती गिळली. "गाडी वळवू का?" एवढंच तो म्हणाला.

"नको," खुदेजा म्हणाली. "एकदा दिलेलं कार्ड परत मागायचं नाही. तिला वाटेल, हिच्या मनात काहीतरी आहे. तिची झोप उडेल."

"आणि माझा बोर्ड?" सना हुंदके देत म्हणाली. खुदेजानं तिला जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांतले दोन थेंब माझ्या पट्ट्यावर पडले. मी आयुष्यात इतका रिकामा कधी नव्हतो.

रविवारी, सोमवारी सना आईशी धड बोलली नाही. मंगळवारी ती खुदेजाच्या शेजारी येऊन बसली. "अम्मी, ती आजी बोलली नव्हती, मला दे. मग तू का दिला?"

"तिनं विचारलं ना, लोकांनी बघायचा का? विचारलं म्हणजे नको होतं. आपण फोटो काढला म्हणून चेहरा आपला होत नाही गो. तुझा कुणी असा लावला, तर?"

सनानं विचार केला. मग मला मांडीवर घेतलं आणि फ्रॉकच्या टोकानं माझी काच पुसायला लागली. वाईट पुसली, सगळे बोटांचे ठसे उमटवले, पण मला फार बरं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी यासिर डोंगरातला माल टाकून आला. दारातूनच ओरडला, "काय गो, तुमच्या मैत्रिणीनं दुकानात पुडी ठेवलीय!" पुडीत मूठभर खजूर आणि कागदात गुंडाळलेलं कार्ड. सोबत झुवैनाच्या नातीच्या हातची चिठ्ठी. खुदेजानं मोठ्यानं वाचली:

"माझा चेहरा मी काढून घेतला. नातीनं लॅपटॉपवर काढून दिला, आता तो माझ्या उशाशी आहे. गाढवं तुझी आहेत. इतक्या लोकांनी माझं काय काय नेलं, पण न मागता परत देणारी तूच पहिली. पुढच्या थंडीत ये, इन्शाल्ला. पिल्लू मोठं झालेलं असेल."

सना पलंगावर उड्या मारायला लागली. खुदेजा हसत होती, रडत होती, यासिरला ढकलत होती आणि कार्ड माझ्या पोटात घालत होती, उलटं! दोनदा उलटं घातलं बाईनं, मग सुलटं. खरंच फक्त एकच फोटो नव्हता, झुवैनाचा. त्याच्या अगदी आधी काढलेला मात्र जागेवर होता. खजूर एकटा, उन्हात, कान टवकारलेले, नाकातून सोनेरी वाफ, आणि डावीकडे कुणाकडे तरी इतक्या आनंदानं बघत असलेला की बघणाऱ्यालाही हसू यावं. कडेला फक्त बादलीचा काठ.

गुरुवारी सकाळी तो बोर्डवर लागला. खाली सनानं स्वतः लिहिलं, 'फोटो: खुदेजा, माझी अम्मी'. मलाही तिनं दप्तरातून नेलं होतं, पुरावा म्हणून. वर्ग नुसता गोळा झाला. तृप्ती जवळ जाऊन बघत राहिली आणि तिनं विचारलं, "सना, हा कोणाला बघून एवढा हॅपी आहे?"

मी ऐकत होतो. मला वाटलं, आता ही पोरगी सगळं सांगणार.

सना म्हणाली, "ते नाही सांगायचं. आमच्या कामाचा रूल आहे."

आमच्या! मित्रांनो, मी जन्मभर वाहवा ऐकली, पण असा शब्द ऐकला नव्हता.

आता तो फोटो रुवीच्या घरात दारासमोर टांगलाय आणि मी त्याखालच्या शेल्फवर राहतो. येणारा प्रत्येक पाहुणा तोच प्रश्न विचारतो आणि खुदेजा चहा ओतता ओतता गालात हसते. तुमच्याही घरात कपाटावर माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. त्याला खाली काढा, पुसा, चालत नसेल तरी एकदा उन्हात न्या. पाणी वाहून थकलेलं जनावर दिसलं तर त्याला पाणी द्या. आणि कुणाचाही फोटो काढलात तर आधी त्याला दाखवा. तो गप्प झाला, तर मूठ उघडा आणि देऊन टाका.

माझं विचाराल तर मी मजेत आहे. पुढची थंडी येतेय आणि बॅटरीसाठी सनानं लोकरीची छोटी पिशवी विणायला घेतली आहे. तुम्हालाही यायचं असेल तर या, पिकअपमध्ये मागे जागा आहे. फक्त खबूस आणू नका, आणि फ्लॅशचं मला काही विचारू नका.